स्वच्छ धुतलेल्या बाटल्या

आदरणीय फुमिए आत्या,

कानाएचा कमरेत वाकून नमस्कार. तिकडे बंदरावर वारा सुटला असेल. गुडघ्यांना लोकरीची पट्टी बांधतेस ना? इथे सगळे खुशाल आहेत. (हे वाक्य लिहून मी दोनदा उठले, गॅस बंद आहे का पाहिलं, परत बसले. म्हणजे मी सोडून सगळे.)

हॉटेलांच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणाऱ्या आमच्या बसगाड्यांचं डिझेल तपासायला पाठवायचं काम यंदा माझ्याकडे आलं. डिझेलमध्ये गंधक नावापुरताच हवा, दहा लाख भागांत फार तर दहा. नाहीतर नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या जाळ्या बिघडतात. प्रयोगशाळेने बाटल्या पाठवल्या, त्याही सीलबंद. पण आत्या, दुसऱ्याने धुतलेलं भांडं मी कधी तसंच वापरलंय का? कचेरीमागच्या गरम झऱ्याच्या पन्हळीवर, जिथे आपण भाताची भांडी, मोजे आणि प्रसंगी कुत्राही धुतो, तिथे मी त्या घासूनपुसून धुतल्या, वाफेवर उपड्या घालून वाळवल्या आणि डिझेल भरून पाठवल्या. एवढ्या स्वच्छ बाटल्या त्यांनी जन्मात पाहिल्या नसतील, असंही मनात म्हटलं.

उत्तर आलं, गंधक मर्यादेच्या सहापट.

आमचे इसोगाई साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "कुवाबारा भेसळ करतो!" बाबा बस चालवायचे तेव्हापासून आम्हाला डिझेल देणारे कुवाबाराकाका टोपी काढून माझ्यासमोर उभे राहिले. "पोरी, पुन्हा एकदा तपास की." मी तो कागद पुढे केला. (आकड्यावर बोट ठेवून. ते बोट मला अजून दिसतं.) त्याच संध्याकाळी गावच्या न्हाणीघरात, बायकांच्या टाक्यात, बातमी पाण्यापेक्षा गरम झाली. "तरीच नवी टोपी घेतली मेल्याने!" दुसऱ्या दिवसापासून मासळीवाल्याची गाडी दुसऱ्या पंपावर, मग भाजीवाल्याची.

शेवटी प्रयोगशाळेतल्या एक बाई स्वतः नमुना घ्यायला आल्या. मी माझी धुतलेली बाटली ऐटीत पुढे केली. त्यांनी ती हुंगली आणि नाकच धरलं. "यात अंडी उकडता का हो?" मी हुंगली, काही नाही. साहेबांनी हुंगली, काही नाही. जन्मभर झऱ्याच्या गंधकाच्या वाफेत राहिलेल्या नाकांना गंधक कुठला कळणार! बाईंनी आपल्या बाटलीत डिझेल नेलं. ते अगदी निर्मळ निघालं.

साहेबांनी फोन करून काकांचं डिझेल पुन्हा सुरू केलं. का बंद केलं, का सुरू केलं, एक शब्द नाही. आणि गाव काही प्रयोगशाळेचे कागद वाचत नाही. मासळीवाला अजून तिकडेच जातो. मी काकांकडे निघते आणि वळणावरून परत येते. माफी मागायला रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि आपल्या गावची मिठाई म्हणजे त्याच झऱ्याच्या वाफेवर उकडलेले गोड पाव. ते कुठल्या तोंडाने देऊ? तुमच्याकडचा बिस्किटांचा एक खोका पाठवशील?

तुझी,
कानाए

ता. क. खोका नको. आज स्वतःचाच राग येऊन तशीच गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. हसले मात्र नाहीत. म्हणाले, "मला माफी देऊन काय उपयोग? माझं नाव जिथे बुडालं, तिथून वर काढ." म्हणजे न्हाणीघरात. रविवारी, सगळ्या बायका असताना.

आणखी एक ता. क. तर खरी विनंती अशी, की रविवारी ये. अंगावर सूत नसताना गळाभर पाण्यात बसून गावाला सांगायचं, हे एकटीला जमणार नाही. आपल्या आणि पुरुषांच्या टाक्यांमधली भिंत छतापर्यंत जात नाही; काका पलीकडे बसून ऐकणार आहेत. वाक्य एवढंच आहे, गंधक काकांच्या डिझेलमध्ये नव्हता, माझ्या बाटल्यांत होता. घरी किती वेळा म्हणून पाहिलं, दर वेळी 'माझ्या'पाशी आवाज बसतो. त्या शब्दापाशी आले की पाण्याखालून एक चिमटा काढशील?