पुसलेले प्लस-मायनस

मंगळवार, संध्याकाळ

ड्यूटीवरून आलो तेव्हा पाय दुखून राहिले होते, तरी ती प्लेट घेऊनच बसलो. बंद पडलेल्या इमर्जन्सी लाइटमधून काढलेली एलईडीची प्लेट. मागं बारा व्होल्ट लिहिलं आहे, पण प्लस-मायनसच्या खुणा पुसलेल्या. पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडून बारा व्होल्टचाच अडॅप्टर आणला, तारा जोडल्या, तर काहीच नाही. उलट्या जोडू? जळली तर?

सुनंदाले शिलाई मशीनची सुई आता नीट दिसत नाही. पोरीच्या लग्नाचे ब्लाउज मात्र तिले स्वतःच शिवायचे आहेत.

"राहू द्या न, दर्ज्याले देऊन टाकू," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मले ती प्लेट सोडून उठवलंच नाही.

पुन्हा त्या पुसलेल्या खुणा पाहत बसलो. शेवटी वैतागून तारा उलट्या जोडल्या, अन् मशीनवर लख्ख उजेड पडला!

सुनंदा खुर्ची ओढून जवळ आली. पण तिनं सुईकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"कावून एवढे वाळले हो तुमी? मले दिसलंच नाही इतके दिवस."

मी प्लेट जरा सुईकडे वळवली. म्हटलं, "तू आधी सुईत धागा घाल."