अण्णांचं चालू लॉगिन

३ फेब्रु., मंगळ.
अण्णांची रेकॉर्डिंगं आहेत ती साइट महिनाअखेर बंद होतेय. मेल आली. एकूण चव्वेचाळीस. शाळेतून रिटायर झाल्यावर एकटेच बसून सांगितलेल्या आमच्या धसई गावच्या जुन्या गोष्टी. डाउनलोडचं बटणच नाही. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं, मी एकही ऐकलेली नाही. दुकान, फॉर्म, झेरॉक्स. वेळ नव्हता म्हणे.
पासवर्ड कुणाला माहीत नाही. पण त्यांच्या लॅपटॉपवर लॉगिन अजून चालू आहे.

४ फेब्रु., बुध.
सगळ्या फाइली उतरवणारं छोटं अ‍ॅप मिळालं. त्याच्या सेटिंगमध्ये सेशन कुकी टाकायची, म्हणजे साइटला वाटतं अण्णाच आलेत. त्यांच्या ब्राउझरमध्ये F12, कुकीजची यादी, त्यात एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ. कॉपी करून माझ्या लॅपटॉपवर पेस्ट. पहिली फाइल उतरली. आई शेजारीच.
"झाला का रे? उतरला का त्यांचा आवाज?"
"उतरतोय गो आई."
आणि मी अण्णांच्या लॅपटॉपवर लॉग आउट दाबलं.
सवय. दुकानात दिवसभर हेच सांगतो लोकांना, काम झालं की लॉग आउट करा. ती कुकी तिथेच मेली. दुसऱ्या फाइलपासून 'परवानगी नाही'. आईला अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
नवा पासवर्ड मागितला, तर ओटीपी अण्णांच्या नंबरवर. तो नंबर मीच बंद पडू दिला. रिचार्ज कशाला, म्हणालो होतो. आईला विचारलंसुद्धा नाही. लाज वाटते.
लावून पाहिला. कंपनीने तो आता दुसऱ्याच कुणाला दिलाय. एका बाईंनी उचलला, बोलण्यावरून इकडच्याच. एक ओटीपी येईल, सांगाल का, म्हटलं. "असल्या फोनला आमी फसत नाय." कट.
बरोबरच आहे. ओटीपी कुणाला देऊ नका, हा कागद दुकानाच्या दारावर मीच चिकटवलाय.

७ फेब्रु., शनि.
आईला सगळं सांगितलं. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, "दे तो फोन. बाईशी बाईच बोलंल."
वीस मिनिटं बोलली. ओटीपीचं अगदी शेवटी, बाकी सगळं अण्णांबद्दल. बाई म्हणाल्या, घरी विचारून कळवते.
साइटवाल्यांनाही मेल टाकली.

१० फेब्रु., मंगळ.
बाईंचा फोन नाही. मेलला उत्तर नाही.
उतरलेली फाइल एकच, पहिली, अर्ध्या मिनिटाची. "हॅलो. हॅलो. ऐकू येतंय का?" खोकला. संपली.
आई सकाळपासून तीच लावायला सांगतेय. दर वेळी "येतंय" म्हणते, आणि पुढचं ऐकायला थांबते.