बगळ्याची उंची

प्रिय ठमे,

आधी कोण उगवलं सांगू? तुझ्या व्हायोलिनच्या बाई! माझा चहा अजून कपातच होता, केस विंचरायचे होते, आणि या दारात उभ्या, पर्स छातीशी धरून. मला वाटलं शेजारीण साखर मागायला आली, म्हणून दार उघडता उघडताच संपली गं म्हणून मोकळी झाले. मग दोघी हसलो. हसण्याचा आवाज ऐकून तुझा बाबा तोंडाला साबण लावलेला तसाच बाहेर आला आणि बाईंना बघून परत आत गेला. त्याचं हल्ली असंच चाललंय. अपघाताच्या दिवशी गाडी तोच चालवत होता ना, त्यामुळे तुझ्या ओळखीचं कुणी आलं की त्याला आत काहीतरी काम निघतं. मी त्याचा चहा आत नेऊन ठेवते.

बाईंनी पाणी घेतलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग बशीकडे बघत बघत म्हणाल्या, तुझा दवाखान्यातून फोन आला होता. व्हायोलिन घेऊन जा, कुणा दुसऱ्या मुलीला द्या, म्हणून. मला राग आला गं. त्यांचा नाही, तुझा. पण पाहुण्यांसमोर कुठे दाखवायचा? मी सांगितलं, आहे कुठेतरी घरात, पण कुठे ठेवलंय ते आठवत नाही. चांगलं आठवत होतं. माझ्या कपाटात, शालींच्या खाली. म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग व्हायला नको का? बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पर्स खाली ठेवली.

तेवढ्यात आपला सुतार आला, तू ज्याला उद्याराव म्हणतेस तो. कधी येणार विचारलं की उद्या, कधी संपणार विचारलं की उद्या. तुझ्या बाबाने त्याला घरातले उंबरे काढायला आणि दारं रुंद करायला बोलावलंय. मोरीचं दार झालं. तुझ्या वाजवायच्या खोलीची चौकट परवा उखडून भिंतीला टेकवून ठेवलीय. आता त्या दारातून चाकाची खुर्ची जाईल आणि मागून मीही जाईन, पोट आत न ओढता! घर नुसतं भुशाने भरलंय. मी झाडते, तो पाडतो, मी परत झाडते. पण खरं सांगते, इतके दिवस या घरात घड्याळाशिवाय कशाचा आवाज नव्हता. करवत, हातोडी, त्याचं ते नाकातलं गाणं, मला इतकं बरं वाटतंय की मी त्याला दोनदा चहा देते.

तर मी बाईंना म्हटलं, आलाच आहात तर जरा खोली बघा. खोली म्हणायचं आपलं. एका अंगाला माझं कपाट, दुसऱ्या अंगाला शिलाई मशीन, आणि मध्ये तुझा तो कागद ठेवायचा स्टँड, तीन पाय फाकवून उभा. आपला बगळा. तू वाजवायला लागलीस की मला बटणाचा डबा हवा असला तरी त्याच्या पायात अडखळायला व्हायचं, आणि तू खेकसायचीस, आजी, पान हललं! आता खुर्ची आत आली की वळायला जागा नको? तिथे बगळ्याचे तीन पाय कुठे मावायचे? बाईच म्हणाल्या, पाय काढून टाका आणि दांडा कपाटालाच बसवा.

माझ्या कपाटाला! तुझ्या आजोबांना मी त्या कपाटावर कॅलेंडरसाठी एक खिळा मारू दिला नव्हता. आठवडाभर रुसले होते. पण मी म्हटलं, मारा. उद्याराव लगेच कामाला लागला. पायाचे स्क्रू गंजून बसलेले, निघेनात, म्हणून त्याने सरळ करवत घेतली. करवतीचा आवाज सुरू झाला आणि तुझा बाबा, जो नुकताच येऊन दाराशी टेकला होता, तो अंगणात निघून गेला. मी खिडकीतून बघितलं, नळ सोडून मनगटावर पाणी घेत उभा होता. उद्यारावाला काय कळतंय? त्याने तीन पाय कापून कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाला, आजी, आता हा हलका झाला. मी म्हटलं, हो.

मग त्याने कपाटाच्या बाजूला लोखंडी पट्टी बसवली, तिला बिजागरी, आणि बिजागरीवर दांडा. म्हणजे बगळा आत ओढला की तुझ्यासमोर, बाहेर ढकलला की वाट मोकळी. बाईंनी माझी काठी घेतली आणि ती व्हायोलिनची काठी समजून हवेत वाजवून बघितलं, कोपर कपाटाच्या मुठीला लागतंय का ते. काठीचा फटका बटणाच्या डब्याला बसला. बटणं सगळ्या घरात. आम्ही दोघी जमिनीवर रांगत होतो आणि बाई इतक्या हसत होत्या की मला वाटलं, आता या रडणार. झालंही तसंच. पदराने डोळे पुसले आणि पलंगाखाली बटण शोधायला गेल्या.

उठून बघितलं तर उद्यारावाचा बगळा बसवून झालेला. छान, घट्ट, आणि माझ्या डोक्याच्याही वर. मी म्हटलं, अरे बाबा, इतका उंच कसा? तर उद्याराव म्हणाला, मापाने केलाय. कुठल्या मापाने, तर त्याने भिंतीला टेकवलेली चौकट दाखवली. दर वाढदिवसाला तुझा बाबा तुला तिथे उभी करून पेन्सिलीने रेघ मारायचा ना? सगळ्यात वरच्या रेघेवरून त्याने माप घेतलं होतं. आणि मोजपट्टीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं सांगू? मी. बाई समोर उभ्या होत्या. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे तुला उभीच बघत होतो.

उद्यारावाने स्क्रू काढायला घेतले. भोकं राहिली कपाटाला. तो म्हणाला, लांबी भरून बुजवतो, कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, राहू दे. मग मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून बसले, हनुवटी वर करून, खांद्यावर काही नसताना. त्याने खाली दुसरी भोकं पाडली. बाई म्हणाल्या, तुमची मान आखूड आहे. उद्याराव म्हणाला, चाकाच्या खुर्चीची बैठक उंच असते. मग तिसरी भोकं मी पाडू दिली नाहीत. बगळा सध्या माझ्या पलंगावर आडवा पडलाय.

ठमे, तुझी आई काल तिकडून फोनवर सांगत होती, रविवारी तुला सोडणार, पण तू घरी यायचं नाही म्हणतेस. दवाखान्यातून परस्पर त्या संस्थेत जायचं म्हणतेस, जिथे सगळे तुझ्यासारखेच असतात आणि कुणी बघत नाही. बाबाला माझं तोंड बघवत नाही, असंही म्हणालीस म्हणे. खरं आहे, नाही बघवत. कोपऱ्यातले ते तीन पाय त्याने जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवले, टाकले नाहीत. तू आल्यावरही तो एकदम बघेल असं मी कशाला सांगू? आणि मी तुला वाजव म्हणूनही बोलवत नाहीये. तुझ्या त्या पहिल्या वर्षाच्या किरकिरीने माझा एक कान गेलाय. व्हायोलिन शालींखाली आहे, काढायचं की बाईंना द्यायचं ते तू तुझ्या हाताने ठरव. पण माप माझ्यावरून घेता येत नाही, आणि त्या रेघेवरूनही नाही. तू बसल्याशिवाय ते होत नाही. त्यासाठीच हे एवढं लिहीत बसले, बोटं दुखतायत. बाई परत येणार आहेत. आणि उद्यारावाला विचारलं, आता कधी, तर पहिल्यांदाच तो उद्या म्हणाला नाही. कपाटाच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाला, रविवारी.

तुझीच,
आखूड मानेची आजी