उंबरा नसलेली अठरा घरं

२ जुलै, बुधवार
आजपासून रोजनिशी. कामाच्या नोंदींसाठी. माझी बायको जरू जाऊन चार महिने झाले आणि मी पूर्ण सावरलो आहे, हे मुलीला टोरांटोला दोनदा कळवलं आहे.
नवसारीत एकटे राहणारे पारशी म्हातारे पुष्कळ. ट्रस्ट त्यांच्यासाठी जुन्या दवाखान्याच्या जागेवर अठरा छोटी घरं बांधणार. सगळी तळमजल्यावर, पेन्शनीत परवडेल असं भाडं. नकाशा माझ्याकडे. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, हा माझ्या डाव्या हातचा मळ. देणगीदार हाँगकाँगचे. त्यांची अट एकच: ३१ जुलैपर्यंत सह्या केलेले बारा अर्ज. नाही आले तर तिथे लग्नाचा हॉल.
बारा अर्ज आठवड्यात होतील.
चष्मा शोधण्यात वीस मिनिटं गेली.

३ जुलै, सकाळी ६
दारात ठकठक. पत्र्याच्या डब्यावर बोट मारावं तशी. कबुतरं असणार. उंबऱ्याच्या जागी पांढरी भुकटी पडली होती. पावसाने भिंतीचा चुना गळतो आहे. झाडून टाकली. गवंड्याला सांगणे.

५ जुलै
नकाशा पूर्ण. रस्त्यापासून मोरीपर्यंत कुठेही उंबरा नाही, सगळं सपाट. ट्रस्टच्या ठरलेल्या नमुन्यात दर दाराला उंबरा होता, म्हणून 'बदलाचे कारण' हा रकाना भरावा लागला. लिहिलं: 'म्हातारी माणसं पडण्याचं मुख्य कारण उंबरा.'
जरू उंबऱ्यात पडली. खुबा मोडला, नऊ दिवसांत गेली. तांत्रिक मुद्दा म्हणून नोंद करतो. आमच्या घरचा उंबरा मी मार्चमध्येच छिन्नीने काढला. वाळवी लागली होती.

९ जुलै
पहिला अर्ज शेजारच्या तेहमीनाबाईंचा घ्यायचा असं ठरवून गेलो. वय एक्याऐंशी, एकट्या, छप्पर गळतं. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. पुदिन्याचा चहा दिला, नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, चोक कुठे घालायचा?
चोक म्हणजे उंबऱ्यावर जाळीच्या डब्याने उठवतात ती चुन्याची नक्षी. मासे, फुलं वगैरे. मी म्हणालो, चोक घालायला वाकूच नये या वयात. त्या म्हणाल्या, "फरेदून, उंबरा नाही तर आत कुठे अन् बाहेर कुठे, हे कुत्र्याला तरी कसं कळणार? घर बांधतोस की मोटारीचं गॅरेज?"
सही दिली नाही. पुन्हा त्यांच्याकडे जायचं नाही असा निश्चय केला आहे. दोन नानखटाया खाल्ल्या, त्या केवळ सभ्यता म्हणून.

१४ जुलै
सात घरं फिरलो. अर्ज शून्य. सगळीकडे 'गॅरेज' हा शब्द माझ्याआधी पोचलेला. ट्रस्टचे अध्यक्ष होमीजी यांनीही फोनवर विचारलं, "काय फरेदूनजी, गॅरेज कुठवर आलं?" लोकांत चर्चा आहे. चांगलं लक्षण.

१८ जुलै
एक अर्ज आला. माझाच. लोकांना दाखवायला नमुना म्हणून भरला होता, होमीजींनी तो खराच धरला. म्हणाले, तुम्ही शहात्तर वर्षांचे, एकटे, तुमच्याहून योग्य माणूस कुठला आणायचा? मी सांगितलं, मी योजनाकार आहे. ते म्हणाले, मग योजनेत राहून बघा.
'सोबत राहणारी व्यक्ती' या रकान्यात जरबाई लिहिलं गेलं होतं. हाताची सवय. व्हाइटनर लावला. वाळल्यावरही खालून दिसतं. व्हाइटनर जुना असावा.

२२ जुलै, सकाळी ६
परवा कबुतरांसाठी जाळी बसवली. तरी ठकठक. जाळीतूनही कबुतरं येत असावीत.
आजची भुकटी माशाच्या आकाराची होती. चुना गळताना असे आकार होऊ शकतात.
गवंडी येऊन भिंत बघून गेला. म्हणाला, शेटजी, ही भिंत ऑइल पेंटची आहे. दुसरा गवंडी बघणे.

२५ जुलै, शुक्रवार
सकाळी ठकठक होताच दार उघडलं. तेहमीनाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, हातात जरूचा चोकाचा डबा. कपाट रिकामं केलं तेव्हा तो मी भंगारवाल्याला दिला होता. त्यांनी त्याच्याकडून सोडवून आणला.
मी म्हणालो, पडाल. त्या म्हणाल्या, "मेल्या, आधी हात दे." उठवलं. मग दम खात बोलल्या: मुक्ताद जवळ आलाय, गेलेली माणसं दहा दिवस घरी येतात, आणि तुझ्या दाराला ना उंबरा ना चोक. ती तुझं घर चुकून पुढे जाईल, अन् बोलणी मला बसतील.
रोज यायची गरज नाही असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज कुठे? सोमवारी अन् शुक्रवारी येते. गुडघा आहे की यंत्र माझा?"
पण मी भुकटी रोज झाडतो.
निघताना त्यांनी विचारलं, "चाळीस वर्षं ती याच उंबऱ्यावर वाकली. त्या दिवशीच कशी पडली रे?" मला काम आहे म्हणून सांगितलं.

२६ जुलै, शनिवार, सकाळी ६
ठकठक. दार उघडलं नाही.
त्या सकाळी मी आतून हाक मारली होती, हे खरं. ती वाकलेली होती, घाईने वळली. पण हाकेने कोणी पडत नाही. मी रोजच हाक मारत असे.

३० जुलै
अर्ज एक (माझा). हॉलवाले टेप घेऊन जागा मोजून गेले. होमीजी म्हणाले, माझं ऐका, एक लाकडाची पट्टी टाका दारात आणि मोकळे व्हा. मी म्हणालो, सुरक्षिततेशी तडजोड नाही. ते म्हणाले, ज्या घरात कोणी राहतच नाही ते अगदी सुरक्षित असतं.

३१ जुलै
रात्री नकाशा बदलला. दर दाराला सागाचा उंबरा, दीड इंच, आणि बाजूच्या भिंतीत वाकताना-उठताना धरायला कडी. कडी आधीच सुचायला हवी होती. चाळीस वर्षांपूर्वी.
तेहमीनाबाईंनी नकाशा या वेळी सुलटा धरला. कडीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हे घर झालं." सही केली, शाल घेतली आणि तीन वाजेपर्यंत आणखी दहा अर्ज आणले. दोघींनी माझ्यासमोर सही करतानाही 'गॅरेज' म्हटलंच.
बारा झाले. हॉल रद्द.
उंबरा परत घातल्यामुळे 'बदलाचे कारण' पुन्हा भरावं लागलं. होमीजी शिक्का हातात धरून ताटकळत होते. लिहिलं: 'पडण्याचं कारण उंबरा नव्हता.'
त्यांनी वाचून विचारलं, मग काय होतं? मी शिक्क्याकडे बोट दाखवलं.

५ ऑगस्ट, मुक्तादचा पहिला दिवस
काल सुताराकडून घरी उंबरा आणि बाजूला तशीच कडी बसवून घेतली. डबा तेहमीनाबाईंनी परत दिला.
पाच वाजता उठून दार धुतलं. सहाला ठकठक होईल म्हणून आत खुर्चीत बसून राहिलो. सात वाजले. झाली नाही. आज कबुतरंही नाहीत.
मग मीच गेलो. कडी धरून वाकलो, डबा टेकवला, बोटाने ठोकलं. तोच आवाज. मासा उलटा उठला. पुसला नाही.
त्या सकाळी मी हाक मारली होती ती चष्मा कुठे आहे हे विचारायला.
चष्मा खिशात होता.