पाळणाघराची चावी

शिरूर,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. मोनिकास,
खूप खूप आशीर्वाद.

वरवंडच्या नव्या घरात आता रुळली असशील. पप्पू पहिलीत गेला, हे आपल्या कॉलेजचे शिपाई जयसिंगमामा यांच्याकडून कळलं. पत्ताही त्यांनीच मिळवून दिला. मॅडमचं पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं मॅडम" म्हणतेस आणि मग मला पुढचं बोलवत नाही.

इकडे कॉलेजात लगीनघाई आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येणार. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू आणि आम्हा प्राध्यापकांच्या काखेत फायली. मागच्या समितीने काय शिफारशी केल्या होत्या आणि कॉलेजने त्यांवर काय केलं, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या वेळीही माझ्याकडेच होतं. प्राचार्य म्हणाले, "समितीपुढच्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीला ती पाळण्याच्या फोटोतली मुलगी बोलवा. चांगली बोलते." म्हणून हे आमंत्रण. निदान लिहायला बसले ते आमंत्रण म्हणूनच.

फोटो तुला आठवत असेल. लग्न होऊन, मूल होऊन शिकणाऱ्या मुली आपल्याकडे बऱ्याच, म्हणून समितीने लिहिलं होतं की त्यांच्यासाठी पाळणाघर असावं. शिफारस चांगलीच होती. आम्ही जिन्याखालची खोली झाडली, दारावर पाटी लावली, जयसिंगमामांच्या घरून पाळणा आणला आणि तुला न्हावऱ्याहून बाळासकट बोलावलं. हिरव्या झबल्यातला पप्पू इतका छान हसला की फोटोवाल्याने पाच फोटो जास्तच काढले. तेव्हा तू विचारलंस, "मॅडम, आता खरंच आणत जाऊ का ह्याला?"

मी म्हणाले, "आण की."

फोटोवाला समोर, तुझ्या सासूबाई गिताबाई कौतुकाने बघताहेत, तिथे दुसरं काय बोलणार, अशी मी स्वतःची समजूत बरेच दिवस काढली. त्याच संध्याकाळी पाळणा परत गेला. खोलीत कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लागले आणि चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आली. अहवालात मी लिहिलं, "पूर्तता झाली." एकदा तसं लिहिलं की ते काम संपतं बघ. पुढच्या वर्षी एका मुलीने पाळणाघर मागितलं, तर ऑफिसने तिला तुझा फोटो दाखवला. मला मात्र त्या अहवालाबद्दल शाल आणि नारळ मिळाला.

आता फोटोनंतरच्या एप्रिलमधल्या त्या दिवसाचं. भूगोलाचा पेपर, तुझा शेवटच्या वर्षाचा शेवटचा. गिताबाईंना सकाळीच दौंडला दवाखान्यात नेलं, घरी बाळाला बघायला कुणी नाही, आणि तू माझ्या शब्दावर पप्पूला कडेवर घेऊन एसटीत बसलीस. हे तूच नंतर फोनवर सांगितलंस. "जयसिंगमामा म्हनले, मॅडम पुण्याला गेल्यात, चावी त्यांच्यापाशीच हाय. तुम्ही असता तर झालं असतं, मॅडम." तुझ्या आवाजात माझ्याबद्दल तक्रार नव्हती. मी म्हणाले, "अगं, नेमकी मीटिंग निघाली."

मीटिंग नव्हती, मोनिका. मी पुण्याला गेलेच नव्हते.

मी स्टाफरूममध्ये होते. जयसिंगमामा आत आले आणि म्हणाले, "मोनिका आलीया, बाळ हाय संगं. चावी द्या, म्या बसतो त्याच्यापाशी." किती साधी गोष्ट होती. पण दार उघडलं की तुला गठ्ठे दिसणार, पाळणा नाही हे दिसणार, आणि मग मी तुझ्याकडे कोणत्या तोंडाने बघणार, या विचाराने मी ड्रॉवर उघडलाच नाही. मी म्हणाले, "मी पुण्याला गेलेय म्हणून सांगा." ते माझ्याकडे नुसतं बघून बाहेर गेले.

खिडकीच्या जाळीतून मी तुला बघत होते. तू लिंबाखाली उभी होतीस. पप्पू रडत होता आणि तू कंपासपेटी वाजवून त्याला गप्प करत होतीस. अर्धा तास उलटल्यावर वर्गात घेत नाहीत, हे तुलाही माहीत होतं. तोवर थांबलीस आणि मग गेलीस. मी त्याला तीन तास मांडीवर घेऊन बसले असते तरी भागलं असतं. मला त्या दिवशी काहीच काम नव्हतं.

गावात "मोनिका नापास झाली" म्हणून बोभाटा झाला. सासऱ्यांनी "बास झालं आता शिक्षान" म्हणून पुन्हा फॉर्म भरू दिला नाही. पाच वर्षं झाली. मला लाज वाटते, आणि तू अजून दर शिक्षकदिनाला मला मेसेज पाठवतेस तेव्हा जास्त वाटते.

काल नव्या अहवालात मी त्या शिफारशीपुढे "पूर्तता झालेली नाही" असं लिहिलं, फायलीतला पाळण्याचा फोटो काढून स्वतःकडे घेतला आणि खाली सही केली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे ना?" ते दुसऱ्या कुणाकडून दुसरा अहवाल करून घेतील, माझ्याकडे बघून घेतील. घेऊ देत. म्हणून तो फोटो आणि हे माझ्या हातचं पत्र तुझ्याकडे ठेवते आहे. बैठकीला आलीस आणि समितीसमोर हे वाचून दाखवलंस, तर मी तिथेच उभी राहून हो म्हणेन. यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मला तोंड दाखवायचं तुझ्यावर बंधन नाही.

विद्यापीठात जाऊन चौकशी केली. राहिलेल्या एका पेपरसाठी खास परवानगीचा अर्ज करता येतो. मिळेलच असं नाही. अर्ज सोबत आहे, माझ्या भागात खरं कारण लिहिलं आहे. तुझी सही तेवढी राहिली आहे.

माफ कर, असं लिहिणार होते. पण ते लिहून मोकळी व्हायची मला फार सवय आहे, म्हणून लिहीत नाही.

गिताबाईंना नमस्कार. पप्पूला गोड पापा.

त्या दिवशी कॉलेजातच असलेली,
तुझी रश्मी मॅडम