आखाजीला मोडलेली सावड

आबा,

उद्या आखाजी, पंचांगातली अक्षय्यतृतीया. माय तुमच्या नावाची घागर भरेल, वर खरबूज ठेवेल, मला पाटावर बसवेल आणि म्हणेल, बापाला काय सांगायचं ते मनात सांग. इतकी वर्षं मी मनात काही सांगितलं नाही, नुसता पुरणपोळीचा वास घेत बसलो. यंदाचं बोलणं घागरीपाशी उरकण्यासारखं नाही, म्हणून आज दुपारीच लिहायला बसलोय. माय सांजोऱ्या तळते आहे आणि मी शेताचा हिशोब लिहितोय असं तिला वाटतं आहे.

तुमच्या मुलानं कॉलेज सोडलं, हे आधी सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्यात 'चले जाव'चा देशभर वणवा पेटला, सुरतेला आमच्या कॉलेजातही संप झाला. मी वर्गातून उठलो तो परत बसलोच नाही. आता कॉलेज म्हणतं, परत घेतो, पण लिहून दे की मला फूस लावली गेली, मी चुकलो, यापुढे सरकारशी इमानानं वागेन. फूस कोणीच लावली नव्हती, आबा. मी माझ्या पायांनी उठलो होतो. हे माझ्याकडचं एकच खरं वाक्य आहे आणि नेमकं तेच त्यांना खोडून हवं आहे. मी ते खोडलं नसतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण मध्ये पाटीलकाकांची धाकटी मुलगी आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती गौराईपुढे नाचणारी शेंबडी पोर होती. आता ती समोरून गेली की मी काय बोलत होतो ते विसरतो. माझ्याकडून मामा शब्द टाकायला गेले, तेव्हा काकांनी मलाच ओसरीवर बोलावून घेतलं. "माफी लिखी दे," म्हणाले. "चार वळी. शाईनी किंमत कितली व्हई? कॉलेज पुरं कर, मंग मन्हा दारमा ये." मी धोतराचा सोगा सावरला. ते हसले, सुपारी कातरत म्हणाले, "तुम्ही पोरं भारी शेतस. सायबले म्हनतस निंघी जाय, आन मन्हा दारमा येवाले धोतरले इस्तरी करतस." ओसरीवरचे सगळे हसले. धोतराला इस्तरी केली होती हे खरं आहे. उत्तर आखाजीला द्यायचं ठरलं, म्हणजे उद्या.

ती ओसरी तुम्ही ओळखता. सालदाराचा करार आखाजीला नवा व्हायचा, तशी आपली बैलांची सावडही दर आखाजीला तिथंच नवी व्हायची. आपल्याकडे एक बैल, त्यांच्याकडे तीन. आपला एक आणि त्यांचा तिसरा मिळून एक जोडी, बांधलेली त्यांच्याच गोठ्यात. तुम्ही डोक्याला फेटा बांधता, मला बोटाशी धरता, आणि आपण जातो. काका लोडाला टेकलेले, तुम्ही खालच्या पायरीवर. तुम्ही म्हणता, "यंदा पेरनीले पह्यले आमना वावरमा या." काका म्हणतात, "पाहू. पानी कसा पडस ते पाहू." तुम्ही "बरं" म्हणता आणि उठता. मग पाऊस येतो, जोडी आधी त्यांच्या नदीकाठच्या काळ्या रानात जाते, तिथलं सगळं आटोपतं, आणि आपल्या वावरात पेरणीची पाभर येते तेव्हा जमिनीतली ओल उडून गेलेली असते. आपली ज्वारी गुडघाभर असताना त्यांची कणसावर येते. दरसाल हेच. एकदा वाटेत मी विचारलं, काका नाही म्हणाले का? तुम्ही म्हणालात, "नही असं नही म्हनेत. पाहू म्हनेत. पाहू म्हनजे अर्धं हो." मी म्हणालो, आपला बैल नसला तर त्यांचा तिसरा बैल नुसता कडबा खात बसेल, हे तुम्ही त्यांना का सांगत नाही? तेव्हा तुम्ही माझा दंड इतक्या जोरात दाबलात की वळ उठला. "मोठा मानूसले त्याना घरमा बठीसन शिकाडानं नही ऱ्हास."

आबा, मी अजून तेच विचारतोय. का नाही सांगितलंत?

कारण आता सगळा देश त्या पायरीवर बसलाय. गेल्या वर्षी विलायतेहून साहेब येऊन गेला. म्हणाला, लढाईत साथ द्या, लढाई संपली की वसाहतीचं स्वराज्य देऊ. साम्राज्यात राहा, पण आपल्या घरात आपणच मालक, आणि पुढे वाटलं तर वेगळेही व्हा. आमचे इतिहासाचे प्रोफेसर हे फार सुंदर समजावून देत. म्हणत, मोडणं एका दिवसाचं काम असतं, पण फौज, कोर्ट, रेल्वे, व्यापार हे सगळं एकत्र विणलेलं आहे, एक दोरा ओढला तर कापडच उसवेल. शहाण्यानं आत राहून एकेक हक्क वाढवून घ्यावा. तुम्हीही हेच म्हणायचात, फक्त थोडक्यात. "सायब गया तं रेलगाडी कोन चालाडी?" मी नंदुरबारच्या स्टेशनात मुद्दाम इंजिनापाशी जाऊन पाहिलं. चालवणारा आपल्या नवापूरकडचा होता, कोळसा टाकणाराही. साहेब मागच्या डब्यात झोपला होता.

मी प्रोफेसरांना भर वर्गात विचारलं होतं, की ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या मागणीला भीक कोण घालतो? सौदा करायला दोघांनाही उठता आलं पाहिजे. एकालाच उठता येत असेल तर दुसरा नुसता अर्ज करत असतो. आणि त्यांना आपली गरज नाही असं थोडंच आहे? त्यांच्या लढाईत आपली पोरं मरतायत, आपला कापूस जातोय, आपलं धान्य जातंय. आपल्यावाचून तिसरा बैल त्यांचाही लंगडाच आहे. पण आपण पायरीवर बसून "बरं" म्हणतो, म्हणून ते लोडाला टेकून "लढाई संपल्यावर पाहू" म्हणतात. पाहू म्हणजे अर्धं हो नसतं, आबा. पाहू म्हणजे पुढच्या आखाजीला परत ये. प्रोफेसर मला म्हणाले, बस खाली. मी बसलो नाही.

आणि तुमच्या माघारी काय झालं ते ऐका. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला माय स्वतः पाटलांच्या गोठ्यावर गेली, आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि भर गावातून त्याला घरी आणून बांधलं. ओसरीवर चढली नाही, काही बोललीही नाही. लोक म्हणाले, रांडमुंड बाई, एका बैलावर काय करते बघू. पहिल्या वर्षी हाल झाले, ते मी लपवणार नाही. भाड्याची जोडी सगळ्यांचं उरकल्यावर मिळाली, हिवाळ्यात भाकरी मोजून खाल्ली. पण दुसऱ्या वर्षी तापीकाठचा एक गुजर शेतकरी आला. त्याचा एक बैल मेला होता. त्यानं सावड मागितली, आणि मायनं अट घातली, एक दिवस तुझ्या वावरात, एक दिवस माझ्या. तो म्हणाला, मग काय, असंच असतं ना. असंच असतं हे आपल्याला कुठं माहीत होतं? ती सावड अजून चालू आहे. सोडलं म्हणजे जन्मभर एकटं पडलो, असं नसतं. सोडल्यावरच बरोबरीचा माणूस दाराशी येतो. उद्या विलायतेशीही सावड करू, आमची ना नाही. पण आधी दावं आमच्या हातात.

हे मी परवा मायला छाती फुगवून ऐकवलं. म्हटलं, तू एका दिवसात केलंस ते आबांना जन्मात जमलं नाही. तिनं झारा कढईवर आपटला. "तुन्हा बाप भेकड नव्हता रे. दोन पोरी उजवान्या व्हत्या त्याले. पाटीलनी सोयरासले चांगला शबुद टाका म्हनीसन तुन्ह्या बहिनी चांगला घरमा पडन्यात. माले मोडता उनं, कारन त्यानी तवलग नही मोडं." मला हे ठाऊक नव्हतं. ऐकलं, आणि मग ठरवलं की तरीही तुम्ही चुकलात. बहिणींची लग्नं त्या "पाहू"मध्ये अडकवून ठेवली होती, हीच तर त्यांची लबाडी. साहेबही असंच करतो. एका हातानं नोकऱ्या देतो आणि दुसऱ्यानं दावं धरतो. तुमचं देणं मला कळतं. त्यासाठी त्या पायरीला मी देऊळ म्हणणार नाही.

उद्या मी जाणार आहे. वर बसणार आहे, काकांच्या समोर, आणि सांगणार आहे की माफी लिहिणार नाही, कॉलेजात जाणार नाही, आणि तुमची मुलगी मात्र मागतो. शेत आहे, अंगात ताकद आहे, पोलीस आले तर तुरुंगही आहे. ते हसतील. हसू देत.

आता राहिलं ते लिहितो, तुमच्याखेरीज कोणाला कळणार नाही म्हणून. माझं हे ठरलंय ते तिला माहीत नाही. आज सकाळी ती कडुनिंबाच्या झोक्यावर होती, मी कुंपणापाशी थांबलो. सांगायलाच गेलो होतो. तिनं पाय टेकवून झोका थांबवला आणि म्हणाली, "लिखी टाक ना रे चार वळी. तुले निंघी जाता येस. मी निंघनू तं मन्हा मांगे दार लाई लेतस, मंग ते उघडत नही." मी तोंड उघडलं. आणि आबा, मी म्हणालो, "पाहू."