तिसरं गाणं आणि सातवं गाणं

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांना नवा चष्मा मानवला का? मानवला नसेल तर बरंच, म्हणजे त्यांनी आमचं साप्ताहिक वाचलं नसेल.

वाचलं असेल तर कळलंच असेल, की तुझ्या चिरंजीवांच्या, म्हणजे आपल्या बाबड्याच्या, पहिल्यावहिल्या चित्रपटाच्या गाण्यांचं परीक्षण मी लिहिलं. घरचा म्हणून हात राखून लिहावं, की घरचा म्हणूनच कान पिळावा, असा पेच होता. मी निम्मं निम्मं केलं. तिसऱ्या गाण्याबद्दल लिहिलं, 'ही चाल म्हणजे ताज्या हवेची झुळूक.' सातव्याबद्दल लिहिलं, 'इथे संगीतकाराचा दम संपला असून चाल शिळी वाटते.' (ही दोन्ही वाक्यं मी अकरा वर्षं वापरतो आहे. आजवर एकाही संगीतकाराची तक्रार नाही.) पण झालं असं, की बाबड्यानं घाईघाईत कंपनीला गाणी पाठवताना सातव्याच्या जागी तिसरंच पुन्हा पाठवलं. खरं सातवं राहिलं त्याच्या संगणकात. म्हणजे आल्बमवर नावं दोन आणि गाणं एकच, आणि त्याच गाण्याला मी एकदा डोक्यावर घेतलं, एकदा पायदळी तुडवलं.

हे कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नसतं, पण आमच्या वाचकांत एक दंतवैद्य आहे. तो दवाखान्यात दिवसभर नवी गाणी लावून ठेवतो. त्यानं संपादकांना कळवलं, की दाढ काढायला आलेल्या एका आजोबांनी तोंडात कापूस असताना हाताच्या खुणेनं 'हे मघाचंच' असं सांगितलं, तर तुमच्या समीक्षकाच्या कानात काय होतं? संपादकांनी मला बोलावलं, पत्र पुढ्यात ठेवलं, चहा सांगितला नाही. मी म्हणालो, की ऐकणाऱ्याची मनःस्थितीही असते; तिसरं मी जेवून ऐकलं, सातवं उपाशीपोटी. त्यावर ते म्हणाले, "मधली तीन गाणी किती दिवस चालली होती?" मग गुरुवारपर्यंत पटेल असा खुलासा द्या, नाहीतर सदर शब्दकोडंवाल्या बाईंना देतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाई शेजारच्याच टेबलाशी होत्या. त्यांनी माझी खुर्ची नीट बघून घेतली.

बाबड्याचं म्हणशील तर तो माझा फोन उचलत नाही. कंपनी त्याच्यावर चिडली आहे, आणि त्याची चूक गावभर झाली ती माझ्या परीक्षणामुळे. याचं मला खरंच वाईट वाटतं. लहानपणी तो डबे बडवायचा तेव्हा तुझ्याकडे चुगली करणाराही मीच होतो.

बाकी इकडे सगळं ठीक. जिने चढू नकोस.

तुझा भाचा

ता. क. : बाबड्या तुझं ऐकतो. त्याला एवढंच जाहीर करायला सांग, की गाणं मुद्दाम दोनदा घेतलं होतं : आधी नायकाच्या सुखात, मग ताटातुटीनंतर, म्हणजे तेच सूर शिळे वाटावेत. तो प्रयोगशील ठरेल आणि ते ओळखणारा जाणकार एकटा मी. गुरुवारच्या आत झालं तर बरं.

आणखी एक ता. क. : तुझ्यापासून काय लपवायचं? परीक्षण लिहिलं तेव्हा मी आल्बम लावलाच नव्हता. वेष्टनावरची नावं वाचून लिहिलं. काल पहिल्यांदा ऐकला. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला कुणीतरी नुसतं गुणगुणतं. आत्या, ते तुझं आहे. इस्त्री करताना तू कपडे संपेपर्यंत तीच एक ओळ गुणगुणायचीस आणि आम्ही दोघं टेबलाखाली बसून ऐकायचो. मला भरून आलं. मग सातवंही ऐकलं. तेही तितकंच आवडलं.

शेवटचा ता. क. : मी गाणं काल पहिल्यांदा ऐकलं, हे मात्र बाबड्याला सांगू नकोस. आजवरची सगळी परीक्षणं मी ऐकूनच लिहिली, असं समजणारा आपल्या नात्यात तो एकटाच उरला आहे.